अध्यक्षांनी स्क्रीन आवरली

घरातला कॉम्प्युटर एके सकाळी अध्यक्षांना म्हणाला की, तुमचं यंत्र आता फार जुनं झालेलं आहे, यापुढे त्याची देखभाल आमच्याकडून होणार नाही, तरी कृपया नवं घ्यावं. म्हणाला म्हणजे स्क्रीनवर तशी चौकट उमटली. पण निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाला अशी वाक्यं नुसती वाचून सोडून देता येत नाहीत. त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबली. चौकट गेली, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुन्हा हजर झाली.

"काल सांगितलं होतं ना याला, नको म्हणून?" ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही ऑफिसात लोकांना नाही म्हणता, ते परत येत नाहीत का?" बायकोने विचारलं.

अध्यक्ष पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागाचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. 'अध्यक्ष' हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. फार पूर्वी ते इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. टाकीच्या झाकणावरून काहीतरी वाद झाला, पद गेलं, पण हाक मागे राहिली. बायको ती चिडवायला वापरायची, शेजारी सवयीने वापरायचे आणि अध्यक्ष स्वतः ती मनापासून ऐकायचे.

ऑफिसातल्या कोणीतरी कॉम्प्युटर चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर, लिनक्स, त्यांच्या कानावर घातलं. फुकट मिळतं, जुन्या यंत्राला म्हातारं म्हणत नाही, आणि त्याचं सगळं अंतरंग जगाला खुलं; कोणीही उघडून बघावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. आयुष्यभर कपाटांना कुलपं लावण्यात गेलेल्या माणसाला ही कल्पनाच इतकी धीट वाटली की त्यांनी सोमवारी रजा टाकून बाह्या सरसावल्या.

कॉम्प्युटर तसा वापरायची त्यांची आई. हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी तिची खुर्ची होती. दुपारी ती पत्ते खेळायची, संध्याकाळी गाणी ऐकायची आणि रविवारी परदेशातल्या लेकीला व्हिडिओवरून फोन लावायची. फोन आईनेच लावायचा, लेकीने नाही, असा दोघींचा जुना करार होता. सुनेच्या मोबाइलवरून बोलायला ती तयार नसायची. "दुसऱ्याच्या फोनवरून लेकीशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात बसून भांडण केल्यासारखं आहे," असं तिचं मत होतं. या वयात कोणाला काही मागावं लागू नये, एवढी एकच चैन तिने स्वतःसाठी ठेवली होती.

जुनं सगळं पुसण्याआधी अध्यक्षांनी स्क्रीनकडे एकदा नीट पाहिलं आणि ते व्यथित झाले. स्क्रीनभर बाबांचा फोटो होता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटोत ते अंगणात खुर्चीवर बसलेले, अंगात खिशाचा स्वेटर, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याची घट्ट मूठ, आणि फोटोग्राफरने हसा म्हटल्यामुळे रागावलेला चेहरा. अशा या करारी माणसाच्या अंगभर, टकटक केलं की उघडणारी छोटी छोटी चित्रं चिकटलेली. डोक्यावर पत्त्यांचा खेळ. कानाशी व्हिडिओ फोन. खिशावर गाणी. गुडघ्यावर वर्तमानपत्र. बुटाशेजारी कचऱ्याची टोपली.

"काय हा पसारा!" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "बाबांना उभ्या आयुष्यात कोणी नुसता खांद्याला हात लावला नव्हता."

मुलाचं कर्तव्य म्हणून त्यांनी बाबांचा फोटो चित्रांच्या तावडीतून सोडवला, आईच्या सगळ्या फायलींबरोबर एका फोल्डरमध्ये सन्मानाने ठेवला, आणि लिनक्स बसवताना स्क्रीनवर एक बर्फाचा डोंगर लावला. आई तेव्हा आत झोपली होती. बायकोने स्वयंपाकघरातून "आईंना विचारलंत का?" असं विचारलं, त्यावर त्यांनी "सगळं जसंच्या तसं घेतलंय" असं उत्तर दिलं, आणि त्यांच्या परीने ते खरं होतं.

लिनक्स गुमान बसलं. घोडं पेंड खाऊ लागलं ते पुढे. कारण या जगात म्हणे इंजिन एक असलं तरी वरची मांडामांड आपली आपण निवडायची असते. पट्टी वर हवी की खाली, खिडक्या कशा उघडाव्यात, चित्रं कुठे राहावीत, हे सगळं ठरवणारे डेस्कटॉप वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळे बनवून ठेवलेले, आणि प्रत्येक जण आपलाच कसा सरळ आहे ते सांगणारा. निवड करायची म्हटल्यावर अध्यक्षांच्या अंगात जुनं पद संचारलं. त्यांनी जाणकारांचं मत मागवायचं ठरवलं.

लिनक्सवाल्यांची इंटरनेटवर एक चर्चेची जागा होती. तिथे त्यांनी 'आदरणीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत एक रेखीव पत्र टाकलं: कृपया सर्वोत्तम डेस्कटॉप कोणता ते कळवावे. थोड्याच वेळात उत्तर आलं की, पत्र चुकीच्या विभागात टाकलं आहे. त्यांनी योग्य विभागात टाकलं. तिथे विचारणा झाली की यंत्राचा तपशील जोडलेला नाही. त्यांनी तपशील जोडला. मग कोणीतरी कळवलं की हा प्रश्न याआधी अनेकदा विचारला गेला आहे, आणि सरतेशेवटी, विषय मतभेदाचा असल्यामुळे आपलं प्रकरण बंद करण्यात येत आहे.

अध्यक्षांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. हीच ओळ त्यांनी ऑफिसात किती लोकांना पाठवली होती! फक्त ती अशी झोंबते हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवलं असणार म्हणा, पण विहित नमुन्यात नसेल.

मग शेजारी होतेच. वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहायचे आणि समोरच्या दारात चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दोघेही लिनक्स वापरायचे हे अध्यक्षांना जिन्यातच कळलं, आणि दोघे एकमेकांशी जिन्यात का बोलत नाहीत याचाही उलगडा झाला.

"मोकळी स्क्रीन ठेवा," दंतवैद्य म्हणाले. ते बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायचे, त्यामुळे अध्यक्ष ओठ मिटून ऐकत होते. "माझ्याकडे आहे तो डेस्कटॉप घ्या. वर एक बारीक पट्टी, बाकी काही नाही. स्क्रीनवर वस्तू ठेवायचीच नाही. पाहिजे ते हाक मारून बोलवायचं, काम झालं की घालवायचं. माझ्या ट्रेमध्ये एका वेळी एकच हत्यार असतं."

"दुसरं त्यांना परवडत नसेल," मास्तर दारातूनच म्हणाले. "अध्यक्ष, माझं ऐका. असा डेस्कटॉप घ्या की ज्याची प्रत्येक रेघ तुम्हाला बदलता येईल. पट्टी शेवाळी करा. सावल्या मऊ करा. खिडकी ओढली की ती लवलवली पाहिजे."

"खिडकी कशाला लवलवायला हवी?"

"मग काय, नुसतीच उघडायची?" मास्तरांना प्रश्नच समजला नाही.

अध्यक्षांनी आधी दंतवैद्यांचा डेस्कटॉप बसवला. आई खुर्चीवर येऊन बसली, तिने बर्फाच्या डोंगराकडे पाहिलं, माउस थोडा हलवला, एकदोनदा टकटक केलं आणि उठली.

"काय गं? आवडलं नाही?"

"डोंगर छान आहे," आई म्हणाली. "कुठला आहे?"

दुपारी ती जेवणाच्या टेबलावर खरेखुरे पत्ते मांडून बसली. ते तिने कुठून काढले देव जाणे. बाबा असताना घरात पत्त्याचं पानही चालायचं नाही. पत्ते खेळणारा माणूस वाया गेलेला, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. संध्याकाळी गाणी लावून देऊ का म्हणून अध्यक्षांनी विचारलं, तर म्हणाली, "असू दे. माझं काही अडलेलं नाही."

हे वाक्य अध्यक्षांना चौकटीतल्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. आईचं अडलेलं नाही म्हणजे नक्की अडलेलं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. नावं इंग्रजीत आहेत म्हणून तिला सापडत नसेल, असं ठरवून त्यांनी सगळा कॉम्प्युटर मराठीत केला. त्यासरशी सगळीकडे अशी भारदस्त मराठी अवतरली की आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"वाचता येतंय रे," ती म्हणाली, "पण हे मला कोर्टात बोलावताहेत का?"

मग मास्तरांचा डेस्कटॉप आला. तो बसवायला मास्तर स्वतः आले आणि सबंध सकाळ पट्टीचा हिरवा रंग खिडकीतल्या कुंडीशी जुळवत बसले. एक कोपरा त्यांनी असा करून ठेवला की माउसचा बाण तिथे गेला की उघडलेल्या सगळ्या खिडक्या लहान होऊन स्क्रीनभर पसरायच्या. आईने पहिल्याच फटक्यात नेमका तो कोपरा गाठला. खिडक्या चहूकडे उडाल्या, लवलवल्या आणि स्थिर झाल्या. आईने माउस हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मी काही मोडलं का?" तिने विचारलं.

अध्यक्षांनी माउस पुन्हा तिच्या बाजूला सरकवला. एवढी वर्षं या खुर्चीत बसून आईने असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

आता त्यांनी कोणाचं न ऐकता स्वतःच एक तिसरा डेस्कटॉप शोधून बसवला. खाली साधी पट्टी, स्क्रीनवर चित्रं ठेवायची मुभा, आणि ती चित्रं डाव्या हाताला वर्णानुक्रमे आपोआप रांगेत उभी राहायची. रांग बघून अध्यक्षांना भरून आलं. शेजाऱ्यांनी मात्र एका सुरात नाकं मुरडली. दंतवैद्यांनी त्याला जुनाट म्हटलं आणि मास्तरांनी कळाहीन म्हटलं. जिन्यात ते दोघे त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र उभे राहून बोलताना दिसले.

दरम्यान प्रत्येक डेस्कटॉप येताना आपलं बिऱ्हाड घेऊन आला होता. कॉम्प्युटरमध्ये तीन गणकयंत्रं झाली, तीन घड्याळं झाली आणि चिठ्ठ्या लिहायच्या तीन वह्या झाल्या. कुठलीही फाइल उघडायला गेलं की तिघे पाहुणे एकदम उठावेत तसं होऊन, कोणी उघडू, असा प्रश्न यायचा. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "आपल्या लग्नातसुद्धा एवढं मानपानाचं नव्हतं."

"तू मदत करणार आहेस की नुसती बोलणार आहेस?"

"बोलणार आहे. रविवार आलाय, अध्यक्ष. आईंचा फोन लागला नाही तर मी फक्त बोलणार नाही."

आणि या रविवारी तर फोन चुकवून चालणारच नव्हता. परदेशातून निरोप आला होता की नातीचा पुढचा दात पडला आहे. तो तिने डबीत जपून ठेवला होता आणि सगळ्यांत आधी तो आजीला दाखवायचा म्हणून तिकडे कोणालाही बघू दिला नव्हता. आईने आठवडाभर फोनचं नावही काढलं नव्हतं. पण रविवारी दुपारी ती नवी साडी नेसून, केस विंचरून कॉम्प्युटरसमोर येऊन बसली.

दाताची बातमी इमारतीत फिरल्यामुळे दंतवैद्य खाली आले. दंतवैद्य आले म्हणून मास्तर आले. अध्यक्ष मागे उभे राहिले आणि बायको कमरेवर हात ठेवून त्यांच्या मागे.

"डावीकडे रांगेत बघ, आई," अध्यक्ष म्हणाले. "वरून मोजत ये. 'व' खाली आहे."

"रांगेत कशाला? नाव टाइप करा, आजी, येईल ते," दंतवैद्य म्हणाले.

"हिरव्या पट्टीवर ठेवलं होतं मी," मास्तर म्हणाले. "हिरवी पट्टी कुठे गेली?"

आईने माउस हातात घेतला. बाण डोंगराच्या शिखराकडे गेला आणि तिने टकटक केलं. बर्फावर काही झालं नाही. तिने बाण जरासा खाली आणला, उजवीकडे नेला, पुन्हा टकटक केलं. तिथे एक ढग होता. मागे तिघे तीन बाजूंनी सांगत होते. तिने एकदा वळून अध्यक्षांकडे पाहिलं, माउस ठेवला आणि उठली.

"राहू दे. तिला कळव, आईला जरा बरं नाही."

"आई, तू ठणठणीत आहेस."

"मग काय कळवायचं? आईला जमत नाही म्हणून?" ती म्हणाली. मास्तरांनी पहिल्यांदाच स्क्रीनवरची नजर काढून जमिनीकडे नेली.

अध्यक्ष आईच्या खुर्चीत बसले. काय करायचं हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. बाण आईने सोडला होता तिथेच ढगावर उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. ही जागा त्यांच्या ओळखीची होती. इथून त्यांनी काहीतरी उचललं होतं. आई आधी शिखरावर गेली होती. तिथून खाली, थोडं उजवीकडे. डोकं. आणि डोक्यापासून खाली, थोडं उजवीकडे...

"कान!" अध्यक्ष ओरडले. "आई, हा बाबांचा कान आहे!"

दंतवैद्यांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.

"मग मी काय वेगळं करत होते?" आई दारातून म्हणाली. "लेकीचा फोन त्यांच्या कानाशी. तिचं बोलणं त्यांना एरवी कधी ऐकू यायचं नाही. गाणी खिशात, कारण सुटे पैसे सोडून त्या खिशातून कधी काही निघालं नाही. आणि पत्ते डोक्यावर. जन्मभर नावं ठेवली ना पत्त्यांना, आता सांभाळा म्हटलं. तू सगळं पुसलंस आणि मला डोंगर दिलास. डोंगराला कान असतो का?"

अध्यक्षांना पसारा वाटला होता तो आईचा संसार होता. त्यांना फार लाज वाटली आणि तितकंच हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना ठसका लागला. बायकोने पाणी आणून दिलं. "विचारा म्हटलं होतं," एवढंच ती म्हणाली.

मग हॉलमध्ये एकच धांदल उडाली. फोल्डरमधून बाबा बाहेर आले आणि डोंगर हटवून त्याच रागाने स्क्रीनभर बसले. पण चित्रं काही त्यांच्या अंगावर जाईनात. कानाशी नेऊन सोडलं की फोन पळत जाऊन डावीकडे रांगेत उभा राहायचा. अध्यक्षांनी पुन्हा नेला, तो पुन्हा पळाला.

"माझ्या डेस्कटॉपवर हा प्रश्नच आला नसता," दंतवैद्य म्हणाले.

"तुमच्यावर चित्रच आलं नसतं!" मास्तर कडाडले. "अहो अध्यक्ष, रांग मोडा. कुठेतरी खूण असेल. रांगेत लावा अशी."

खूण होती. 'आपोआप रांगेत लावा' या ओळीसमोरची ती खूण अध्यक्षांनी कचेरीतल्या आपल्या सगळ्या वर्षांकडे पाठ फिरवून काढून टाकली. पुढच्या खेपेला फोन सोडला तिथे राहिला.

"जरा खाली," आई खुर्चीत बसून म्हणाली. "पाळीला लागू दे. हां. आता पत्ते. मधोमध नको, तिथे त्यांचं टक्कल आहे, घसरतील. डावीकडे घे."

मास्तर डोळा बारीक करून अंतर बघत होते. दंतवैद्यांनी वर्तमानपत्र गुडघ्यावर नेऊन ठेवलं, जरा वाकडं झालं म्हणून सरळ केलं, आणि आपण स्क्रीनवर वस्तू ठेवली हे लक्षात आल्यावर हात मागे घेतला. सगळं जागच्या जागी गेल्यावर अध्यक्ष उठून बाजूला झाले. आईने साडीचा पदर सारखा केला, माउस धरला आणि न बघितल्यासारखं बाबांच्या कानावर टकटक केलं.

"किती उशीर, आई!" पलीकडून लेक म्हणाली. "बरी आहेस ना?"

"मला काय झालंय? तुझा भाऊ घर आवरत होता," आई म्हणाली. "कुठे आहे माझी बोळकी?"

स्क्रीनभर एक हसू उघडलं आणि त्यात पुढेच एक खिडकी होती. डबीतला दात कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की काही दिसेना. तरी दंतवैद्यांनी मान पुढे काढून, अत्यंत उत्तम पडला आहे, असा निर्वाळा दिला, आणि नात लाजून पडद्याआड पळाली. फोन त्या दिवशी नेहमीपेक्षा फार लांबला. शेवटी शेवटी तर मास्तर लेकीला भिंतीचा रंग सुचवत होते.

सगळे गेल्यावर आईने स्क्रीनवर उरलेल्या एका चित्राकडे बोट दाखवलं. तो एक पाना होता.

"हे कशाचं रे?"

"त्यातून मांडणी बदलते. रंग, पट्टी, डेस्कटॉप, सगळं."

"असं होय," आई म्हणाली. तिने पाना उचलला, शांतपणे ओढत नेला आणि बाबांच्या घट्ट मिटलेल्या मुठीत ठेवला. "आता काही बदलायचं झालं, की यांच्याकडे मागून घ्यायचं."

पुढे बरेच दिवस सुखात गेले. मग एकदा, आई आणि बायको बाजारात गेलेल्या असताना, स्क्रीनवर एक छोटी, अदबशीर चौकट आली. नवा डेस्कटॉप निघाला आहे, पूर्वीपेक्षा सुबक आहे, बघणार का? घरात कोणी नव्हतं. अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि बाण हळूहळू मुठीपर्यंत नेला.

बाबा त्यांच्याकडे बघत होते. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर सही मागायला गेलं की बघायचे, अगदी तसेच.

"काही नाही, बाबा. सहज बघत होतो," अध्यक्ष म्हणाले, आणि खुर्ची सरकवून उठले.